गच्चीच्या मेंब्रेनमधलं छिद्र विजेने कसं शोधायचं: नागपूरच्या स्लॅबसाठी सविस्तर पद्धत

जून लागला की नागपुरात वॉटरप्रूफिंगवाल्यांचे फोन खणखणायला लागतात, आणि तक्रार बहुधा एकच असते: पंख्याच्या हुकातून पाणी गळतंय. घरमालक वर जातो, पंख्याच्या नेमकी वरची जागा मोजून काढतो, मिस्त्री तिथे केमिकलचे दोन हात मारतो, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. स्लॅबमध्ये वायरिंगचे कंड्युट, म्हणजे वायरींचे पाइप, टाकलेले असतात. मेंब्रेनखाली, म्हणजे गच्चीवरच्या पाणी अडवणाऱ्या थराखाली, शिरलेलं पाणी आधी ढाळाने सरकतं, काँक्रीटमधल्या पोकळ्या धरतं, आणि एकदा कंड्युट सापडला की त्यातून सरळ पंख्याच्या बॉक्सात उतरतं. छिद्र कठड्याच्या कोपऱ्यात आणि गळती हॉलच्या मधोमध, हे सर्रास दिसतं. त्यामुळे खालून पाहून वरची जागा ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे काम.

मग लोक पाँडिंग करतात. खुर्रे, म्हणजे पाणी बाहेर जायची तोंडं, बुजवायचे, गच्चीवर पाणी साठवायचं, २४ ते ७२ तास थांबायचं. परीक्षा जुनी आणि भरवशाची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण ती एवढंच सांगते की गळतंय की नाही. कुठून गळतंय, हे ती सांगत नाही. शिवाय पाण्याचं वजन लोक विसरतात. ५० मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी लागतं, म्हणजे ऐन मे महिन्यात एक टँकर. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर चल भार (माणसं-सामानाचं वजन) धरलेला असतो, म्हणजे साधारण १५० किलो. स्लॅब धडधाकट असेल तर ५० मिमी पाण्याने काही होत नाही, पण जुन्या महाल-इतवारीतल्या वाड्यावर नंतर टाकलेला स्लॅब असेल तर पाणी भरण्याआधी इंजिनिअरला विचारलेलं बरं.

छिद्राची नेमकी जागा हवी असेल तर विजेची परीक्षा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ७८७७ या मार्गदर्शिकेत तिच्या पद्धती एकत्र दिल्या आहेत. तत्त्व अगदी सोपं: मेंब्रेन वीज वाहू देत नाही, त्याखालचा सळयांचा स्लॅब वाहू देतो, आणि वरचं पाणीही वाहू देतं. वर पाणी, खाली स्लॅब, मधे मेंब्रेन. मेंब्रेन अखंड असेल तर वरून खाली करंट जातच नाही. कुठे टाचणीएवढं भोक असेल तर ओल्या भोकातून करंट खाली उतरतो, आणि त्याचा माग काढत भोकापर्यंत पोचता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी परीक्षा करणाऱ्या एजन्सीचा माणूस बहुधा आपणहून सांगत नाही. मेंब्रेनला छिद्र नसेल तर मीटरची सुई हलत नाही. आणि सर्किटच जुळलेलं नसेल, अर्थिंगची चिमटी, म्हणजे यंत्राचं एक टोक स्लॅबच्या सळईला जोडणारी, गंजलेल्या सळईवर बसली असेल, मेंब्रेनखाली प्लास्टिक असेल, तरीही सुई हलत नाही. दोन्ही वेळा मीटर अगदी सारखा दिसतो. म्हणून परीक्षेतला अर्धा वेळ छिद्र शोधण्यात नाही, सर्किट चालू आहे हे सिद्ध करण्यात घालवायचा. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यासाठीच आहे.

एजन्सीला फोन करण्याआधी

चार थरांची माहिती हाताशी ठेवा: स्लॅब कशाचा, त्यावर काय, मेंब्रेन कुठलं, मेंब्रेनवर काय.

नागपुरातली बहुतेक घरं आरसीसी स्लॅबची, त्यामुळे पहिला प्रश्न सहसा सुटतो. पत्र्याचं डेकही चालतं. लाकडी किंवा निव्वळ फरशी-कडप्प्याच्या छतावर ही परीक्षा होत नाही, कारण खाली वीज वाहून नेणारं काही नसतं.

दुसरा थर फसवा. नव्या बांधकामात उन्हाळ्याच्या झळा कमी व्हाव्यात म्हणून स्लॅबवर एक्सपीएस किंवा पीयू फोमचे बोर्ड टाकतात आणि त्यावर मेंब्रेन. हे बोर्ड वीज अडवतात. कुठे पॉलिथिनची शीट पसरलेली असते, तिचंही तेच. अशा वेळी मेंब्रेन टाकण्याआधीच त्याखाली तारेची जाळी किंवा विजेसाठी खास बनवलेला प्रायमर द्यावा लागतो. मेंब्रेन झाल्यावर हा विचार सुचला तर उशीर झालेला असतो.

मेंब्रेनचं म्हणाल तर टॉर्चने, म्हणजे गॅसच्या ज्योतीने, लावलेली ३ किंवा ४ मिमीची एपीपी (डांबरी) शीट, पीव्हीसी किंवा टीपीओच्या प्लास्टिक शीट, आणि ब्रश-रोलरने लावलेलं पीयू (पॉलियुरेथेन) यांवर परीक्षा छान होते. वर ॲल्युमिनियमचं फॉइल चिकटवलेली एपीपी शीट मात्र बाद, कारण फॉइलच वीज वाहून नेतं आणि सगळी गच्ची एकच छिद्र असल्यासारखी वागते. काळ्या ईपीडीएम रबरात कार्बन ब्लॅक असतो, तोही वीज वाहतो, म्हणून तेही बहुधा बाद. सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळून लावलेले दोन घटकांचे कोटिंग ओले झाले की थोडी वीज वाहू देतात, त्यावरच्या रीडिंगवर मी विश्वास ठेवत नाही.

आणि ब्रिकबॅट कोबा? जुन्या नागपूरच्या निम्म्याअधिक गच्च्यांवर विटांचे तुकडे, वर चायना मोझॅक, आणि मेंब्रेन म्हणून काहीच नाही. तिथे यंत्र बोलावून पैसे घालवू नका. जे नाहीच त्यात छिद्र काय शोधणार? खाली मेंब्रेन आणि वर कोबा असेल तर तत्त्वतः वरूनही माग लागतो, कारण ओला कोबा वीज वाहतो. पण जागा धूसर येते, हातभर इकडे-तिकडे. म्हणून परीक्षेची खरी वेळ मेंब्रेन पूर्ण झाल्यावर आणि त्यावर कोबा, स्क्रीड किंवा टाइल पडायच्या आधी. ठेकेदाराला हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून द्या, नाहीतर तुम्ही पोचेपर्यंत विटांचे तुकडे पसरलेले असतात.

वेळ आणि ऋतू

कमी व्होल्टेजची पद्धत ओल्या पृष्ठभागावर चालते, जास्त व्होल्टेजची कोरड्यावर. नागपुरात या दोन गोष्टींना वेगवेगळं वेळापत्रक लागतं. मे महिन्यात दुपारी फवारलेलं पाणी डोळ्यांदेखत सुकतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले, त्यामुळे ही अतिशयोक्ती समजू नका. शिवाय उन्हात डांबरी शीट मऊ पडते, तिच्यावर बुटांचे ठसे उमटतात, आणि परीक्षा करणारेच नवं छिद्र पाडून जातात. म्हणून उन्हाळ्यात ओली परीक्षा पहाटे सुरू करून नऊच्या आत संपवायची. डिसेंबर-जानेवारीत उलट: ओली परीक्षा दिवसभर करा, पण कोरडी परीक्षा सकाळचं दव सुकल्यावरच. पावसाळ्यात कोरडी परीक्षा जवळपास अशक्य. ओलीला पाऊस आयता मिळतो, मात्र आभाळात वीज कडाडत असेल तर गच्चीवर थांबायचं नाही.

पीयूसारखं लिक्विड मेंब्रेन असेल तर उत्पादकाने सांगितलेली क्युअरिंगची मुदत पूर्ण होऊ द्या. हाताला सुकलेलं वाटलं म्हणजे आतून झालं असं नसतं.

अर्थिंग: सगळी परीक्षा इथे उभी असते

यंत्राचं एक टोक स्लॅबच्या सळईला जोडायचं असतं. नागपुरात याबाबत एक सोय आहे. मानेवाडा, बेसा, वर्धा रोडकडच्या घरांवर पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया उभ्या सोडलेल्या असतात. त्यांतली एक निवडा, कानसीने किंवा वायर ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, मग चिमटी लावा. गंजावर चिमटी लावली तर काहीच लावलं नाही असं समजा. त्यानंतर मल्टिमीटरने त्या सळईपासून दूरच्या दुसऱ्या कॉलमच्या सळईपर्यंत सलगता तपासा. रेझिस्टन्स भलता मोठा आला तर त्या दोघी विजेच्या दृष्टीने एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, आणि गच्चीचा तो भाग परीक्षेबाहेर राहील.

उभ्या सळया नसतील तर छज्ज्याच्या खालच्या बाजूने थोडं कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, फोडून सळई उघडी करा आणि काम झाल्यावर नीट बुजवा. वरून, म्हणजे मेंब्रेन फोडून, कधीही नाही. इलेक्ट्रिशियनने केलेलं घराचं अर्थिंग स्लॅबच्या सळयांना जोडलेलं असेलच याची खात्री नसते, म्हणून त्यावर भागवू नका.

ओली परीक्षा, पायरी पायरीने

आधी गच्ची मोकळी करा. कूलरचे स्टँड, कुंड्या, जुना पलंग, सगळं खाली. उन्हाळ्यात कुरडया-पापडाची वाळवणं असतील तर तीही, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याखालचं प्लास्टिक. प्लास्टिकखाली पाणी पोचत नाही, आणि जिथे पाणी नाही तिथे छिद्र असलं तरी परीक्षेला ते दिसत नाही. सोलर असेल तर डीसी आणि एसी दोन्ही बाजू बंद करून घ्या, आणि ते काम सोलरवाल्यानेच करावं.

मग झाडा. धूळ ओली झाली की चिखल होतो, चिखल वीज वाहतो, त्याने फारसं बिघडत नाही. पण खुर्र्यात अडकलेला कचरा आणि सिमेंटचे ढेकळे काढाच, कारण छिद्रं नेमकी तिथेच सापडतात.

आता सीमा आखायची. गच्चीच्या कडेने, कठड्यापासून थोडं आत, मेंब्रेनवर एक उघडी तार वेढा घालून ठेवतात आणि तिची दोन्ही टोकं जोडतात. यंत्राचं दुसरं टोक या तारेला. या वेढ्याच्या आतला भागच तपासला जातो. मेंब्रेनमधून वर आलेली प्रत्येक धातूची वस्तू, म्हणजे कॉलमच्या सळया, पाण्याच्या टाकीच्या स्टँडचे पाय, डिशचा खांब, लायटनिंग अरेस्टरची पट्टी, ही स्वतःच जमिनीशी जोडलेली असते. तिला ओलं पाणी लागलं की मीटरला ते प्रचंड मोठं छिद्र वाटतं आणि खरी छोटी छिद्रं त्या गोंगाटात हरवतात. म्हणून अशा प्रत्येक वस्तूभोवती तारेचा वेगळा वेढा घालून तो मुख्य तारेला जोडायचा. याने ती वस्तू परीक्षेतून बाजूला निघते. मात्र लक्षात ठेवा, त्या छोट्या वेढ्याच्या आत काय आहे ते तुम्ही तपासलेलं नाही.

पुढे पाणी. तळं करायचं नाही, सगळीकडे एकसंध ओली साय हवी. बागेचा फवारा पुरतो. नळाचं पाणी चालतं, बोअरवेलचं क्षारयुक्त असेल तर आणखी चांगलं. आरओ मशीनचं शुद्ध पाणी कुणी दिलं तर परत करा, ते वीज नीट वाहत नाही. कठड्याच्या उघड्या प्लास्टरवर पाणी जाऊ देऊ नका. ओलं प्लास्टर थेट सळईपर्यंत रस्ता करून देतं.

यंत्र चालू केलं की सुमारे ४० व्होल्टचे डीसी ठोके थोड्या थोड्या वेळाने जातात. एवढ्या व्होल्टने माणसाला सहसा धोका नसतो. आणि आता, एकही पाऊल टाकायच्या आधी, खोटं छिद्र करायला सांगा. अर्थिंगच्या टोकाला एक लांब वायर जोडून तिचं उघडं टोक गच्चीच्या मधोमध ओल्या मेंब्रेनवर टेकवायचं. विजेच्या दृष्टीने ते छिद्रच आहे. वायर टेकवताना ऑपरेटरने पाठ फिरवून उभं राहावं आणि मग ते शोधून दाखवावं. एका कामावर ऑपरेटर खुशीत म्हणाला, ‘भाऊ, सुई तं हललीच नाही, एक नंबर काम आहे.’ खोट्या छिद्राजवळही सुई हलली नाही तेव्हा चिमटी पुन्हा घासावी लागली. गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यांत हा प्रयोग पुन्हा करा, एकदाच करून थांबू नका.

मग खरी चाल सुरू होते. ऑपरेटरच्या हातात काठीसारखे दोन प्रोब आणि मधे मीटर. दोन्ही प्रोब ओल्या पृष्ठभागावर टेकवायचे, ठोक्यासरशी सुई कुठल्या बाजूला झुकते ते पाहायचं. सुई छिद्राच्या दिशेने झुकते. त्या दिशेने सरकत गेलं की एका जागी सुई अचानक उलटी होते, म्हणजे छिद्र ओलांडलं गेलं. थोडं मागे येऊन सुई शून्यावर थांबेल अशी जागा शोधायची. छिद्र दोन्ही प्रोबपासून सारख्या अंतरावर आहे, म्हणजे त्यांच्या मधोमध आडव्या जाणाऱ्या रेषेवर कुठेतरी. आता प्रोब काटकोनात फिरवून तेच पुन्हा. दोन शून्यरेषा जिथे छेदतात तिथे खडूने फुली मारा. सराव असलेला माणूस रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेपर्यंत पोचतो.

फुली मारली की गुडघ्यावर बसून नीट बघा. धरमपेठेतल्या एका तीन मजली घराच्या गच्चीवर सुई हट्टाने खुर्र्याकडे ओढत होती. वरून एपीपीची शीट अगदी गुळगुळीत दिसत होती. अंगठ्याने दाबल्यावर जोडाच्या कडेतून पाण्याचा एक थेंब वर आला, आणि बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक आत शिरलं. शीट खुर्र्याच्या तोंडाशी दुमडताना टॉर्चची ज्योत आतपर्यंत पोचली नव्हती. जोडाचं तोंड अर्धवट उघडं होतं. खुर्रे, गोला (कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यातली गोलाई), कोपरे, पाइपभोवतीची कॉलर आणि शीटचे ओव्हरलॅप, एवढ्याच ठिकाणी बहुतेक छिद्रं सापडतात. सपाट मैदानात सापडलीच तर ती बहुधा नंतरची असतात: खिळा, शिडीचा पाय, कुणीतरी ओढलेला कूलर.

एक छिद्र सापडलं की त्याभोवती लगेच तारेचा छोटा वेढा घालून ते मुख्य तारेला जोडा आणि पुढे जा. असं केलं नाही तर मोठं छिद्र सगळा करंट ओढून घेतं आणि शेजारचं बारीक छिद्र दिसतच नाही. गर्दीतल्या मोठ्या आवाजाच्या माणसाला आधी बाहेर काढल्यावर बाकीच्यांचं ऐकू येतं, तसं.

याच तत्त्वावरची, चाकांवर ढकलत न्यायची स्कॅनिंग यंत्रंही मिळतात. त्यांना सीमेची तार लागत नाही. खाली लोंबणाऱ्या साखळ्या ओल्या मेंब्रेनला घासत जातात आणि छिद्र आलं की आवाज देतात. त्यांची पद्धत एएसटीएम डी ८२३१ मध्ये आहे. मोठ्या गच्चीवर ती झटपट काम करतात. खोट्या छिद्राचा नियम त्यांनाही लागू.

उभे भाग आणि ठिणगीची परीक्षा

कठड्यावर वर चढवलेल्या मेंब्रेनवर पाण्याची साय टिकत नाही. तिथे जास्त व्होल्टेजची कोरडी पद्धत. पाइपलाइन आणि टाक्यांचं कोटिंग तपासायला वापरतात तोच प्रकार, हॉलिडे टेस्टर. तांब्याच्या किंवा स्टीलच्या बारीक तारांचा ब्रश मेंब्रेनवरून सरकवायचा. जिथे छिद्र असेल तिथे ठिणगी उडते, यंत्र आवाज करतं.

व्होल्टेज किती ठेवायचं यावर सगळं अवलंबून. छिद्रातल्या हवेतून ठिणगी जायला साधारण दर मिलिमीटरला ३ हजार व्होल्ट लागतात. म्हणजे दीड मिमी पीयूवर साडेचार हजारांपेक्षा कमी ठेवलं तर छिद्र असूनही ठिणगी पडणार नाही, आणि ४ मिमी एपीपीवर हीच मर्यादा १२ हजारांवर जाते. वरची मर्यादा उत्पादक ठरवतो, कारण नको इतकं व्होल्टेज दिलं तर चांगल्या मेंब्रेनलाच भोक पडतं. म्हणून आधी मेंब्रेनची खरी जाडी मोजा. कागदावर दीड मिमी लिहिलेलं पीयू प्रत्यक्षात एक मिमीही नसतं, असं दिसतं. ब्रश सेकंदाला फूटभरापेक्षा वेगाने ओढू नका. मे महिन्यात जुना स्लॅब इतका सुकलेला असतो की काँक्रीट वीज नीट वाहत नाही, म्हणून इथेही दुरुस्त होणाऱ्या एका जागी मुद्दाम टाचणीचं भोक पाडून ठिणगी पडते का ते पाहा.

या पद्धतीत करंट फार थोडा असतो, पण झटका जोराचा बसतो, आणि कठड्याजवळ दचकलेला माणूस ही गंभीर गोष्ट आहे. पेसमेकर असलेल्याने गच्चीवर येऊ नये. टॉर्चचे सिलिंडर, प्रायमरचे उघडे डबे, सॉल्व्हंटचा वास, यांतलं काहीही आसपास असेल तर परीक्षा दुसऱ्या दिवशी.

दुरुस्ती आणि त्यानंतर

छिद्र सापडलं त्याच दिवशी दुरुस्त करा. शीट कोरडी करून, चारही बाजूंनी किमान १०० मिमी पुढे जाईल एवढं ठिगळ लावा. पीयू असेल तर पृष्ठभाग घासून, पुसून, उत्पादकाच्या पद्धतीने नवा थर. मग त्याच जागी परीक्षा पुन्हा. ही पुनर्परीक्षा फुकट हवी असेल तर ते आधीच ठरवून घ्या.

यानंतर घरमालकाचा हमखास फोन येतो: दुरुस्त केलं तरी गळतंयच. मेंब्रेनखाली आणि स्लॅबमध्ये आधीच साठलेलं पाणी उतरत राहतं, कधी कधी आठवडाभर. गळती रोज कमी होत असेल तर वाट पाहा. पाऊस आला की वाढत असेल तर दुसरं छिद्र आहे, किंवा पाणी कठड्याच्या प्लास्टरच्या भेगेतून मेंब्रेनच्या वरच्या कडेमागे शिरतंय. गच्चीच्या सपाट भागावरची ही परीक्षा कठड्याबद्दल काहीच सांगत नाही.

अहवालात गच्चीचा नकाशा, छिद्रांच्या जागा मोजमापांसकट, प्रत्येक छिद्राचा फोटो, अर्थिंग कुठे घेतलं, खोटं छिद्र कुठे ठेवलं आणि ते सापडलं का, हे सगळं मागा. त्याशिवाय ‘न तपासलेला भाग’ असा एक रकाना हवाच: सळयांभोवतीचे वेढे, टाकीखालची जागा, कठड्याच्या उभ्या बाजू. हा रकाना रिकामा दिसला तर मी तो अहवाल परत पाठवतो.

सोलर बसवायचं असेल तर परीक्षा दोनदा करावी लागते. पहिली मेंब्रेन झाल्यावर, दुसरी स्टँडचे पाय अँकर बोल्टने ठोकून झाल्यावर आणि पॅनेल चढवायच्या आधी. पॅनेल लागल्यावर खाली बसून प्रोब टेकवायला जागाच उरत नाही. सोलरच्या ठेकेदाराला हे ॲडव्हान्स देण्याआधी सांगा, आणि बोल्टच्या प्रत्येक भोकाला कोण जबाबदार, तो की वॉटरप्रूफिंगवाला, हे दोघांच्याही कागदावर लिहून घ्या.